गावाने जागावे आणि सरकारने निजावे काय?

सन 2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर ह्या जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री आकाशात ड्रोन फिरतात असा एकच गवगवा झाला. अंबड-घनसावंगीकडची गावेच्या गावे जागू लागली. कोणी म्हणे चोरटे वरून घरे हेरून ठेवतात, कोणी म्हणे सरकारची मोजणी चालली आहे. अंतरवाली सराटीवरच्या ड्रोनची गोष्ट तर विधिमंडळापर्यंत गेली. दिवसभर कपाशीत वाकलेला शेतकरी रात्री काठी, कुऱ्हाड आणि बॅटरी घेऊन पारावर बसला. पोलिसांनी आवाहन केले, की लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. झाले! त्यांचे काम संपले. आमच्या लोकांचे जागणे मात्र संपले नाही.

आम्हांस विचाराल तर त्या ड्रोनांत चोर होता की नव्हता हा प्रश्न दुय्यम आहे. शेतकरी काही वेडा नाही, की आकाशात दिवा दिसला आणि तो घाबरला. त्याचे भय आधीचे आहे. ज्याच्या आळीत मागल्याच महिन्यात कडी-कोयंडा तुटला, ज्याच्या भावकीतल्या म्हाताऱ्या बाईच्या कानातले झुंबर पाळीसकट ओढून नेले, ज्याच्या विहिरीवरची मोटार आणि केबल दर साल जाते, ज्याची सोयाबीनची पोती खळ्यावरून उचलली गेली, त्याला अंधारात काजवा चमकला तरी धडकी भरणारच. ह्या भयाला अफवा म्हणणारांनी एकदा अमावास्येच्या रात्री शेतवस्तीवर एकट्याने निजून पाहावे, म्हणजे अफवा कशास म्हणतात ते त्यांस कळेल.

आता हे घर फुटते कसे, ते पाहू. आमच्या जुन्या घराला मातीची रुंद भिंत होती, वर माळवद, आत बळद आणि भुईत पेव. चोराला भिंतीला भोक पाडायला अर्धी रात्र लागे आणि तेवढ्यात कुत्री तरी भुंकत. आता पत्र्याचे घर आले, चार इंची विटेची भिंत आली, दाराला बाजारातले हलके कुलूप आले. कटावणी घातली की दोन मिनिटांत कोयंडा हातात येतो. उन्हाळ्यात सगळे घर गच्चीवर निजते आणि खाली कपाट मोकळे पडते. पण ह्याहून मोठे कारण असे, की रात्री घरात कर्ता माणूस असतोच कोठे? शेतीपंपाला वीज कधी दिवसाची तर कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की गहू-हरभरा भिजवायला बापलेक दोघे शेतात. तेथे विंचू-सापाचे भय आणि इकडे घरी सून, लेकरे आणि खोकणारी आई. शहरात दुकानाच्या पाटीवर रात्रभर दिवे जळतात आणि आमच्या पिकाला पाणी मात्र मध्यरात्री पाजायचे, असा हा न्याय आहे. चोराला दुसरा सोबती शोधावा लागत नाही. विजेचे वेळापत्रकच त्याचे सोबती झाले आहे.

तशीच गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, बदनापूर ह्या भागांतून कोयते निघतात. पाच-सहा महिने घराला कुलूप. मागे राहतात आजा-आजी आणि शाळेतली पोरे. गावातले अर्धे दरवाजे बंद आहेत हे चोराला सांगावे लागत नाही. ट्रक भरून जाताना सारा मुलूख पाहतो. परत येतात तो पेटी फुटलेली, भांडी गेलेली, आणि मुकादमाची उचल तर अजून फिटायचीच असते.

येथे शहाणे लोक आम्हांस उपदेश करतात, की बाबांनो, सोने-नाणे घरात ठेवताच कशाला? बँकेत ठेवा! उपदेश गोड आहे. पण तालुक्याच्या बँकेत लॉकर कितीजणांना मिळते ते विचारा. पतपेढ्या आणि मल्टिस्टेट गावोगाव उघडल्या तेव्हा आमच्या लोकांनी कापसाचे पैसे, लेकीच्या लग्नाचे पैसे तेथे नेऊन ठेवलेच होते. 2023-24 साली बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवीदारांचे पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले, संचालकांना अटका झाल्या, आणि म्हातारी माणसे पासबुक घेऊन रस्त्यावर बसली. घरात ठेवावे तर रात्रीचा चोर, बाहेर ठेवावे तर दिवसाचा! मग बाईने गळ्यातली पोत आणि पाटल्या पेटीतच ठेवल्या तर तिला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणता? पाऊस दगा देतो तेव्हा बियाण्याला तीच पोत गहाण पडते. कुणब्याच्या घरातले दोन तोळे सोने म्हणजे शेटजीच्या तिजोरीतला किलो नव्हे. तो त्या घरचा दुष्काळी निधी आहे. तो गेला म्हणजे पुढल्या मृगाची पेरणी गेली.

बरे, चोरी झाल्यावर पुढे काय होते? ठाण्यात जावे तर पहिला सवाल असा, की पावती आहे काय? आजीने दिलेल्या पाटल्यांची पावती कोणता कुणबी दाखवील? मग अर्ज घेतला जातो, पंचनामा होतो, एक दिवस कुत्रा येतो, रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळतो आणि परत जातो. जो तो म्हणतो, मनुष्यबळ कमी आहे. कमी आहे हे खरेच. एकेका ठाण्याला डझनावारी गावे आणि हाताशी एखादी गाडी, ही स्थिती आम्हांस ठाऊक आहे. रात्रभर गस्त घालणाऱ्या गरीब शिपायाविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. तोही आमच्यातलाच कुणब्या-माळ्याचा, धनगराचा, बौद्धाचा पोर आहे. आमचे म्हणणे वरच्यांशी आहे.

कारण सरकारच्या मनात आले म्हणजे ह्याच जिल्ह्यात काय होऊ शकते ते 2022 च्या एका ऑगस्ट महिन्यात दोनदा दिसले. त्या महिन्याच्या आरंभी प्राप्तिकर खात्याने जालन्याच्या पोलाद व्यवसायावर छापे घातले. अधिकारी गाड्यांवर लग्नाच्या चिठ्ठ्या लावून वऱ्हाडी बनून आले, शहराबाहेरच्या घरात दडवलेला पैसा हुडकून काढला, आणि सुमारे 56 कोटींच्या नोटा मोजता मोजता यंत्रे तापली. त्याच महिन्यात घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ येथे, रामदासांच्या जन्मगावी, मंदिरातून राम-लक्ष्मण-सीता-मारुतीच्या जुन्या मूर्ती चोरीस गेल्या. विधानसभेत प्रश्न निघाला, मंत्र्यांनी उत्तर दिले, पोलिसांची पथके परजिल्ह्यांत आणि परराज्यात गेली, आणि थोड्या महिन्यांत मूर्तींचा छडा लागला. पोलिसांनी ते काम उत्तम केले. भाविकांना त्यांचे देव मिळाले, आम्हांस त्यात आनंदच आहे. आम्ही एवढेच विचारतो, की त्या गावच्या आसपास ज्या शेतमजुरणीची पोत जाते तिच्यासाठी कोणते पथक परराज्यात गेले? तिच्यासाठी विधानसभेत कोणी तोंड उघडले? देवाला कुलूप लावावे लागले आणि त्याचा शोध माणसांनी लावला, ह्यातून जे शिकायचे ते आमच्या वाचकांनी आपापल्या मनाने शिकावे.

जांबच्या मूर्ती पोलिसांच्या तपासाने सापडल्या, पंचांगाने सापडल्या नाहीत, हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. अजून आमच्या खेड्यांत घर फुटले की निम्मे लोक ठाण्याकडे आणि निम्मे भटजीकडे नाही तर देवऋषीकडे धावतात. भटजी पंचांग उघडून नक्षत्र पाहतो. अंध नक्षत्रावर गेली असेल तर वस्तू लवकर सापडेल, सुलोचनावर गेली असेल तर नाव सोडा! चोराने कुलूप तोडण्यापूर्वी नक्षत्र विचारले होते की काय, हे कोणी विचारीत नाही. दक्षिणा मात्र दोन्ही नक्षत्रांवर सारखीच. देवऋषी त्याहून भयंकर. तो तांदूळ मंतरून देतो, वाटी फिरवतो आणि नाव घेतो. कोणाचे नाव घेतो? सरपंचाचे कधी घेतले आहे काय? सावकाराचे घेतले आहे काय? नाव निघते ते भांडी घासणाऱ्या विधवेचे, नाही तर सालगड्याच्या पोराचे. घरातला ऐवज जातो तो जातोच आणि वर एका गरिबाची अब्रू जाते. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यापायी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना प्राण द्यावे लागले. असा भोंदू गावात आला तर त्याला पाटावर बसवू नये. बाहेरचा रस्ता दाखवावा.

आता जे लिहावयाचे आहे ते आमच्याच लोकांना कडू लागेल. पण कडू असले तरी औषध घ्यावे लागते.

गावात चोरी झाली की आमचे बोट कोणाकडे जाते? गावाबाहेरच्या पालाकडे. पारधी, वैदू, नंदीवाले, डवरी गोसावी, घिसाडी! अहो, जो घिसाडी दिवसा तुमच्या विळ्याला धार आणि पाणी देतो, ज्याने केलेल्या कुऱ्हाडीने तुम्ही रात्री पहारा करता, तो सूर्य मावळताच चोर कसा होतो? ही अक्कल आमची नव्हे. ती आम्हांस इंग्रजाने शिकविली. त्याने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पोर आईच्या पोटातून बाहेर पडायच्या आतच त्याला चोर ठरविले. पुढे तो कायदा साऱ्या इंग्रजी मुलखाला लागू झाला, आणि निजामाच्या राज्यातही तसलाच कायदा होता. सोलापुरात काटेरी तारांच्या आत माणसे कोंडली. स्वतंत्र भारताने 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द केला. आमच्या मनातला मात्र रद्द झाला नाही. जन्मावरून ज्ञानी ठरविणाऱ्या धर्माविरुद्ध सत्यशोधकांनी आयुष्ये वेचली. मग जन्मावरून चोर ठरविताना आम्हां बहुजनांची जीभ कशी कचरत नाही?

राईनपाड्याचे नाव वाचकांस आठवत असेल. धुळे जिल्ह्यातले ते खेडे. 1 जुलै 2018 चा बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण पोटासाठी भिक्षा मागत तेथे गेले. पोरे पळविणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेली होती. जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो. तेथे ती अक्षरशः खरी झाली. पुढे 2024 साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मेले ते गरीब आणि तुरुंगात गेले तेही गरीबच. अफवा ज्याने पहिल्यांदा पाठविली तो कोठे आहे? आणि 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा गाडीवान अशाच चोरांच्या अफवेने मारले गेले, तेव्हा धर्माच्या नावाने केवढा गलका उठला! डवरी गोसाव्यांसाठी त्याच्या दशांशानेही उठला नाही. भगव्या वस्त्रालाही जात असते, हे असे कळते.

शाहू छत्रपतींनी ह्या रोगावर काय उपाय केला ते पाहा. 1918 साली त्यांनी आपल्या राज्यात गुन्हेगार ठरविलेल्या जातींची रोजची हजेरी बंद केली, आणि ज्या फासेपारध्यांना लोक चोर म्हणत त्यांनाच पहाऱ्यावर ठेवले. राजवाड्यात काही गेले काय? ज्याला रात्रीचा माग कळतो, पावलाची चाहूल कळते, त्याच्या हाती विश्वासाने कंदील द्यावा, ही राजाची अक्कल आणि हाच खरा बंदोबस्त. जोतीराव फुल्यांच्या घरात 1856 च्या सुमारास रात्री दोन मारेकरी शिरले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एक रामोशी, दुसरा धोंडिराम नावाचा कुंभार. जोतीरावांनी त्यांना विचारले, की मी तुमचे काय वाईट केले? त्यांनी सांगितले, की आम्हांस पैसे मिळणार आहेत. दोघांनी हत्यारे टाकली. रामोशी पुढे जोतीरावांचा रखवालदार झाला आणि धोंडिराम शिकून सत्यशोधकांचा पंडित झाला. रात्री घरात शिरलेल्या माणसामागे दिवसा पैसे देणारा कोणी असतो, हे जोतीरावांनी ओळखले. आजही तेच आहे. चोरीची मोटार भंगारात कोण घेतो? चोरीचे सोने अर्ध्या भावात वितळवून कोण देतो? चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हाच आहे, पण पालावर धाड पडते तितक्या तातडीने त्या पेढीवर पडलेली आम्ही पाहिली नाही. जे प्रामाणिक सोनार आमचे वाचक आहेत त्यांनीच आपल्या धंद्यातला हा कचरा बाहेर काढला पाहिजे.

तर मग गावाने हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. 1947-48 साली रझाकारांच्या धास्तीने आमच्या आजा-पणजांनी गढीवर आणि वेशीवर रात्री काढल्या आहेत. जागणे आमच्या रक्तात आहे. पण जागावे ते कायदा जाणून. 1 जुलै 2024 पासून पिनल कोडाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 34 ते 44 ह्या कलमांत स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही जिवाचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क दिलेला आहे. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्यावर हत्यार चालविण्याचा प्रसंग आला तर कायदा घरधन्याच्या बाजूने उभा राहू शकतो. पण गरजेपुरतेच बळ, त्याहून अधिक नाही. चोर पळाला, पडला, हात जोडून बसला, की हक्क संपला. त्यानंतर घातलेला प्रत्येक घाव हा मारणाऱ्यावरचा गुन्हा आहे, आणि जमावाने मारले तर काठी न उचलता त्या जमावात सामील असलेलाही अडकतो. डोळ्यांदेखत घर फोडताना सापडलेल्यास पकडण्याचा अधिकार साध्या माणसालाही आहे, मात्र त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. 112 वर फोन करावा आणि किती वाजता केला ते लिहून ठेवावे. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, तिची नक्कल फुकट मिळते, आणि ठाणेदार घेत नसेल तर ती लेखी करून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते. हे सर्व कायद्यात लिहिलेले आहे. कोणाच्या मेहेरबानीचे नाही.

बंदुकीचे काय, असेही काही तरुण विचारतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने निघाले होते, हे मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या 9 डिसेंबर 2024 च्या खुनानंतर साऱ्या महाराष्ट्राला समजले. त्यांतले किती परवाने शेतवस्तीवरच्या कुणब्याला मिळाले होते? पुढाऱ्यांच्या आणि ठेकेदारांच्या कमरेला पिस्तुले आणि आमच्या हाती शिट्टी! आम्हांस पिस्तूल नकोच. ते गावात आले की चोराआधी भाऊबंदावर चालते.

गस्तीची गोष्ट निराळी. 1951 च्या पोलीस कायद्यात ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे आणि अधिकारी मंडळी लोकसहभाग, लोकसहभाग म्हणून तिचा घोष करतात. ह्या गोड शब्दात काय लपले आहे ते नीट पाहिले पाहिजे. पूर्वी गावाची राखण जागल्या, महार, रामोशी ह्यांच्या माथी होती. चोरीचा माग काढणे, रात्री आरोळी देणे, चोर न सापडला तर शिव्या आणि मार खाणे, हे सारे चतकोर भाकरीवर आणि तुटपुंज्या वतनावर. गाव निजे कारण कोणी एक जात सक्तीने जागे. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले ते ही वेठ तोडण्यासाठीच. ती वेठ मेली, फार चांगले झाले. पण आता तीच वेठ लोकसहभाग हे नवे नाव घेऊन साऱ्या गावावर, म्हणजे गावातल्या गरिबांवर, येऊ पाहते. कारण पहाऱ्याच्या यादीत नाव कोणाचे लागते? ज्याचा बंगला आहे त्याचा कॅमेरा त्याच्याकरिता जागतो. ज्याला सकाळी रोजंदारीवर जायचे आहे तोच रात्री काठी आपटीत फिरतो. रात्रीचा पहारा हे काम आहे आणि कामाला मजुरी असते. पोलीस पाटलाचे मानधन 2024 साली 6,500 वरून 15,000 झाले, हे योग्यच झाले. मग त्याच्याबरोबर रात्रभर चिखल तुडविणाऱ्या चौघांना काय म्हणून फुकट राबविता? त्यांना बॅटरी, बूट, ओळखपत्र आणि रोजी द्या, आणि साप चावला किंवा चोराचा घाव लागला तर त्यांच्या घराला विम्याची रक्कम मिळेल असे करा. हे सरकारचे देणे आहे, गावावरचे उपकार नव्हेत.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेला आमच्या प्रत्येक वाचकाने जावे, आणि त्याआधीच्या महिला ग्रामसभेला घरच्या बायांनी. चोराशी पहिली गाठ बाईची पडते, म्हणून पहिला शब्द तिचा असावा. दिवे कोठे नाहीत, कोणते बोळ अंधारे, ऊसतोडीला कोणती घरे बंद राहणार, त्या घरांतल्या म्हाताऱ्यांजवळ कोणी निजावे, हे बायांना जेवढे ठाऊक आहे तेवढे ठाणेदाराला नाही. ठराव लेखी घ्यावा: शेतीपंपाला दिवसाची वीज द्यावी, पोलीस पाटलाची जागा रिकामी असेल तर ती भरावी, पहारेकऱ्यांना मजुरी द्यावी, आणि पहाऱ्याच्या तुकडीत मराठा, माळी, धनगर, बौद्ध, मातंग, मुसलमान आणि गावाबाहेरच्या पालातला पारधी असे सगळे असावेत. पारध्याचे नाव वाचताना सभेत कोणी कुजबुजला तर त्याला उभे करून विचारावे, की तुझ्या घरचे काय गेले आणि त्याने नेल्याचा पुरावा काय. ठरावाची एक नक्कल तहसीलदाराला, एक पोलीस अधीक्षकाला आणि एक वीज कंपनीच्या उपअभियंत्याला द्यावी. पोच घ्यावी. पोच न देणाऱ्याचे नाव आमच्याकडे लिहून पाठवावे; आम्ही ते छापू.